म्हातारी रस्ता ओलांडते

“सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही,” असं म्हणत थोरल्या मिस्त्रींनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला, खिशातून हिरव्या फुलांची चिंधी काढून उजवा तळहात पुसला आणि पुरावा त्यावरच छापलेला असल्यासारखा सगळ्यांना दाखवला. “पण काल भर दुपारी म्हातारी आपली आपण रस्ता ओलांडून माझ्या दारात आली.”

सगळे म्हणजे दोघंच होते. टपरीची मालकीण मावशी, आणि शेजारचा पंक्चरवाला, जो टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. दोघांनाही थोरल्यांच्या गोष्टींची सवय होती. याच माणसाने एकदा बंद पडलेलं इंजिन नुसतं रागे भरून चालू केलं होतं, आणि एकदा एका टेम्पोच्या सायलेन्सरमधून अख्खं घुबड काढलं होतं, तेही झोपलेलं.

“कुठली म्हातारी?” पंक्चरवाल्याने विचारलं.

“म्हातारी एकच. फौजदारांची.”

फौजदार हे काही खरे फौजदार नव्हेत. मिशांनी मिळवून दिलेलं नाव. म्हातारी म्हणजे त्यांचा जुना ट्रक. इतका जुना, की ड्रायव्हरच्या दाराला आतून घराच्या दारासारखी कडी होती. आत्ता ती रस्त्यापलीकडे, धाकट्या मिस्त्रीच्या गॅरेजसमोर नाक इकडे करून उभी होती. फौजदार तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होते. थोरले तिकडे बघत नव्हते. इतक्या कसोशीने बघत नव्हते, की मावशीनेच वळून पाहिलं.

दोन्ही गॅरेजांचं मूळ एकच होतं. वडील होते तोवर दोघं भाऊ एकाच शेडमध्ये, एकाच दिव्याखाली वाकायचे. म्हातारा कडक. ब्रेक उघडला की आधी स्टिअरिंगला चिंधी बांधायची, हा त्यांचा नियम. ज्याने बांधली त्यानेच काम झाल्यावर फेरी मारायची, आणि त्यानेच ती सोडायची. तोवर गाडी जागची हलवायची नाही, मग मालक कितीही आरडाओरडा करो. कामंही त्यांनीच वाटून दिली होती. इंजिन थोरल्याकडे, ब्रेक धाकट्याकडे.

“इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी जातो,” ते म्हणायचे. “ब्रेक गेला तर जात नाही. ब्रेकला धाकट्याचाच हात हवा.”

हे वाक्य थोरल्यांच्या मनात टायरमध्ये खिळा रुतावा तसं रुतलं होतं. उपसावं तर सगळी हवा जाणार, राहू द्यावं तर रोज थोडी थोडी. वडील गेले, वाटणी झाली, धाकट्याने समोरची जागा घेतली. त्यानंतर रस्ता तेवढाच राहिला, पण दोघांपैकी कोणाला तो ओलांडता येईना.

मग सुरू झालं ते बघणं. धाकट्याच्या दारात उभ्या गाड्या. धाकट्याचा नवा लाल जॅक, जो एका बोटाने दाबला तरी बस उचलायचा, असं लोक थोरल्यांना मुद्दाम ऐकवायचे. थोरल्यांच्या हातचं खाऊन वाढलेला कुत्राही एक दिवस उठला, आळस दिला आणि पलीकडे जाऊन झोपला.

“सावलीला गेला हो,” मावशी म्हणाली होती.

“सावली इकडेही असते,” थोरले म्हणाले होते. “सकाळची.”

आणि काल फौजदार. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. ब्रेक दाबला की म्हातारी एकीकडे ओढते, एवढी साधी तक्रार घेऊन आले, थोरल्यांच्या दाराशी वेग कमी केला, खिडकीतून हात हलवला आणि पलीकडे वळले. वळले याचं एक वेळ काही नाही. हात हलवला, ते झोंबलं.

“आली म्हणजे कशी आली?” पंक्चरवाल्याने ट्यूब फिरवली. “हँडब्रेक सुटला?”

“हँडब्रेक सुटून गाडी उतारावर जाते रे. माझ्या दाराकडे चढ आहे.” थोरले बाकावर पुढे सरकले. “ओढ म्हणतात तिला. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, अशी फौजदारांची तक्रार होती ना? आता बाजाराकडे जाताना डाव्या हाताला कोणाचं गॅरेज येतं?”

“तुमचं.”

“मग? त्या मुक्या जिवाला कळतं, फौजदारांना कळत नाही.”

पंक्चरवाल्याने जरा विचार केला. “पण मिस्त्री, बाजारातून येताना डाव्या हाताला धाकट्याचं येतं.”

“येताना ती भरलेली असते,” थोरले न डगमगता म्हणाले. “ओझ्याखाली कोणाला भान राहतं?”

मावशीने पदर तोंडाला लावला. थोरल्यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि आवाज खाली आणला, कारण आता ते ज्यासाठी बसले होते ते येत होतं.

काल सकाळपासून त्यांनी मांडीवर एक कार्बोरेटर घेतला होता आणि ते त्याचं एकच भोक पुसत होते. समोर धाकट्याने डावं चाक उतरवलं. ब्रेकचा ड्रम काढला, आत फुंकर मारली, ड्रमला दाबून चाक थांबवणारे लायनर घासले, बसवले, फेरी मारली. ब्रेक दाबल्याबरोबर म्हातारीने डावीकडे मान टाकली. धाकट्याने पुन्हा तेच चाक उतरवलं. नवे लायनर घातले, फेरी मारली. पुन्हा डावीकडे. थोरल्यांना इतकं समाधान कित्येक वर्षांत लाभलं नव्हतं. जेवताना त्यांनी बायकोच्या हातच्या आमटीचं कौतुक केलं, तेव्हा तिने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“डावीकडे ओढते म्हणून पठ्ठ्या डावीकडेच शोधतोय,” ते तिला म्हणाले होते. “ब्रेकचा डॉक्टर.”

“मग सांगा की जाऊन.”

“मी? त्याच्या दारात?”

“फौजदार उद्या माल भरून घाट उतरणार आहेत,” ती ताट उचलता उचलता म्हणाली. “त्यांची बायको सांगत होती.”

त्यावर थोरले लगेच उठले होते. हात धुवायला मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला होता. बाहेर आले तेव्हा फौजदार घरी जेवायला गेलेले आणि धाकटा म्हातारीची आणखी एक फेरी मारून, कपाळाला आठ्या घालून, स्कूटरवरून कुठलासा सुटा भाग आणायला निघालेला. समोरच्या गॅरेजात कुत्र्याखेरीज कोणी नव्हतं.

हे त्यांनी टपरीवर सांगितलं नाही. सांगितलं ते असं :

“मी आपला खुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. घर्र आवाज झाला. बघतो तर म्हातारी दारात. म्हटलं, बाई, तू इकडे कशी? माझं काम इंजिनाचं. तर तिने दिवा लुकलुकवला.”

“एक की दोन्ही?” मावशीने विचारलं.

“एक. दुसरा आधीच फुटलाय. मग मी उठलो आणि डाव्या ड्रमला हात लावला. चटका. उजव्या ड्रमला लावला, तर मांजराच्या नाकासारखा गार. म्हणजे काय ते कळलं का तुम्हाला?”

पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याबाहेर काढली. ही गोष्ट बुडबुड्यांपेक्षा बरी चालली होती.

“डावं चाक बिचारं दोघांचं काम करतंय,” थोरले म्हणाले. “उजवं नुसतं सोबत फिरतंय. गाडी डावीकडे ओढते ती डावीकडे खोट आहे म्हणून नाही. डावं इमानाने थांबतंय आणि उजवं थांबत नाही म्हणून. खोट असते ती काम न करणाऱ्याकडे. आणि आमचे डॉक्टर सकाळपासून काम करणाऱ्यालाच सोलतायत.”

बोलता बोलता त्यांचा हात मघाचीच चिंधी पुन्हा पुन्हा दुमडत होता.

“मग उजव्या चाकाचा नट सैल केला. तेल चिळकांडी मारून यायला हवं होतं; तर आजारी माणसाच्या नळीसारखं टिप, टिप. चाकाकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजलेला. बाहेरून बघाल तर ठणठणीत. आतून गळा बंद. दाब चाकापर्यंत पोचणार कुठून?”

“पण नट तुम्ही धरलात,” मावशी म्हणाली, “तर पेडल कोणी दाबलं?”

थोरल्यांनी चहाचा घोट घेतला. सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा अडकवला की एकट्यालाही जमतं, हे वडिलांनी शिकवलेलं त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

“तिनेच,” ते म्हणाले. “समजूतदार आहे.”

“बरं. आणि नवा पाइप?”

“वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात एक होता, जपून ठेवलेला. तो बसवला. तेल आपसूक उतरू दिलं, हवा काढली. सांगतो तुम्हाला, वडील असते ना...” इथे त्यांनी मोठ्याने घसा खाकरला. “ब्रेकला कोणाचा हात हवा ते त्यांनाही कळलं असतं. आता फौजदार घाट उतरतील, एका रेषेत. आणि म्हणतील, धाकट्याने केलं. म्हणू देत. मला काय त्याचं.”

“मग ती परत तिकडे कशी गेली?” पंक्चरवाल्याने विचारलं.

“आली तशीच.”

“आपली आपण?”

“रिव्हर्समध्ये. माझ्याकडे पाठ करून कशी जाईल?”

पंक्चरवाला हसला, पण मावशी हसली नाही. ती थोरल्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि हाताकडे न बघताच तिने एक रिकामा ग्लास पुढे ओढला, चहा ओतण्यासाठी.

मागे धाकटा उभा होता. हात ग्रीसने काळे, डोळ्यांना झोप नसल्यासारखा. तो रस्ता ओलांडून कधी आला ते कोणाला कळलं नाही. त्याच्या मागोमाग कुत्राही आला होता, आणि दोन्ही बाजूंना पाहून अडचणीत पडल्यासारखा रस्त्याच्या कडेलाच बसला होता.

“काल संध्याकाळी गॅरेजवर परत आलो,” धाकटा म्हणाला. तो थोरल्यांशी बोलत होता, पण बघत बाकाकडे होता. “उजव्या चाकाला नवा पाइप. मी दिवसभर डावीकडेच खुडबुडत बसलो होतो.”

थोरल्यांनी रस्त्याकडेच्या कुत्र्याकडे पाहिलं.

“फौजदार पहाटेपासून आलेत. किल्ली मागतायत. मी म्हटलं, देता येत नाही.”

“का?” थोरल्यांच्या तोंडून निघून गेलं. “ब्रेक ठीक आहे. काही होत नाही तिला.”

“चाकांना लावलेले दगड मी लावले तसेच आहेत. तसूभर सरकलेले नाहीत.” धाकट्याने आता वर पाहिलं. “आणि स्टिअरिंगला चिंध्या दोन आहेत. लाल माझी. ती मी सोडू शकतो. दुसरी हिरव्या फुलांची आहे, वहिनीच्या जुन्या पडद्याची.”

थोरल्यांच्या हातातली चिंधी दुमडायची थांबली. ती लपवावी की खिशात घालावी हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ती तशीच मांडीवर राहिली, फुलं वर करून.

“म्हातारी कुठे आली नव्हती, दादा,” धाकटा म्हणाला. “तू आला होतास. आता सोडायलाही ये.”