बेंबी जागेवर होती

तांब्या म्हणजे नुसतं पाणी प्यायचं भांडं, असं वाटत असेल तर आधी ते डोक्यातून काढा. मी शेवंतीकाकीचा पितळेचा तांब्या. मरोळच्या आमच्या चाळीत माझा मान डॉक्टरच्या नळीच्या बरोबरीचा होता. गुणाजीच्या दुखण्याची गोष्ट सांगताना लोक मला खुशाल गाळतात, म्हणून आज मीच सांगणार आहे.

मला कुडाळच्या तांबटाने घडवलं. काकी लग्न होऊन मुंबईत आली ती मला ट्रंकेत घालूनच. सासूने तिला बेंबी बसवायला शिकवलं. जड ओझं उचलून कुणाचं पोट धरलं की लोक म्हणत, बेंबी सरकली. काकी बेंबीवर बोटं टेकून आतला ठोका शोधायची. तो बाजूला लागला, तर बेंबीवर कणकेच्या गोळ्यात वात लावायची आणि मला वर पालथा घालायची. वात विझली की मी पोटाला घट्ट चिकटायचो. माझ्यामुळे लोक बरे होत, की आपोआप बरे होणारेच माझ्याकडे येत, ते मला विचारू नका.

१९८६ च्या मार्चमधली गोष्ट. शेजारचा गुणाजी साकीनाक्याच्या एका कारखान्यात मशीनचे रबरी पाइप दुरुस्त करायचा. रविवारी सकाळी चहा पिता पिता पोटात कळ आली आणि तो जागीच दुमडला. बायको सुगंधा त्याला नाक्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने पोटाला हातही लावला नाही. काल किती घेतली होती, एवढंच विचारलं. गुणाजी जन्मात दारूला शिवला नव्हता. कामगाराचं पोट दुखलं की दारू, हे निदान कुठल्या कॉलेजात शिकवतात ते मला जाणून घ्यायचंय. पांढऱ्या गोळ्या घेऊन दोघं परतली ती थेट काकीच्या दारात.

काकीने कणीक मळली, वात पेटवून तयार ठेवली. मग बेंबीवर बोटं टेकली आणि बराच वेळ उचललीच नाहीत. ठोका बरोबर मधोमध होता, आणि गुणाजी घामाने निथळत होता. तिने फुंकर मारून वात विझवली.

"बेंबी जाग्यार आसा. ह्यां माझां काम न्हय. ह्येका हॉस्पिटलात घेवन जा."

सुगंधा रडकुंडीला आली. निदान एकदा तांब्या लावून तर बघ, म्हणाली. काकीने मला सुगंधाच्या पिशवीत कोंबलं आणि बजावलं, पाण्यासाठी ने, पोटासाठी नको. तीस वर्षांत मला कुणी असं नाकारलं नव्हतं. राग आला होता, कबूल करतो.

हॉस्पिटलात डॉक्टर मृणालिनी नावाची तरुण बाई होती. तिने पोटावर नळी ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. आत ठोक्याबरोबर सूं सूं असा आवाज होता. तिने गुणाजीला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवून, रक्तवाहिनीत औषध सोडून काढतात तो एक्स-रे काढून आणला. आतड्याला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. मार नाही, पडणं नाही, आपोआप. रक्त तिच्या भिंतीत घुसलं होतं आणि खरी वाट चिंचोळी झाली होती.

सर्जन विद्याधर सर मृणालिनीचे वरिष्ठ. त्यांचं म्हणणं, आजच पोट उघडू. तिचं म्हणणं, आतडं अजून जिवंत आहे, थांबू. खाटेच्या पायथ्याशी दोघांची हळू आवाजात जुंपली. आतडं सडलं तर माणूस जातो, एवढं सुगंधाला कळलं होतं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती.

शेवटी गुणाजीनेच तोंड उघडलं. "मॅडम, पाइप आरपार फाटलाय, की आतला पदर सुटलाय?"

"आतला पदर. बाहेरचा शाबूत आहे."

"मग आधी प्रेशर उतरवा ना. चालू प्रेशरवर पाइपाला कोण हात लावतो?"

विद्याधर सरांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या कारखान्यात जागा असली तर सांगा मला," म्हणाले. ताप चढला किंवा पोट दगडासारखं लागलं तर कापायला मी कुणाला विचारणार नाही, या अटीवर ते थांबले.

रक्तदाब उतरवायचं औषध, रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं, सलाइन. तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा नाही. मी उशाशी काठोकाठ भरलेला, आणि गुणाजी माझ्याकडे बघत ओठांवरून जीभ फिरवायचा. सर दिवसातून तीनदा येऊन पोट दाबून बघायचे. घाई त्यांनाच होती, आणि राखणही त्यांनीच केली.

सहाव्या दिवशी कळ गेली. मृणालिनीने माझ्यातलं दोन चमचे पाणी स्वतः त्याला पाजलं. त्याने ते बराच वेळ तोंडात धरलं, मग गिळलं. सुगंधा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. सरही बघत होते. दुखलं नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. गुणाजी रोज गोळी घेतो, जड उचलत नाही, कारखान्यात नव्या लोकांना शिकवतो. काकीकडे अजून माणसं पोट धरून येतात. ती बोटं टेकते, विचारपूस करते आणि हॉस्पिटलची वाट दाखवते. मला पालथा घालणं तिने बंद केलं. आता मी साधा पाण्याचा तांब्या आहे, आणि खरं सांगतो, मजेत आहे.

मागणं एकच, तेही पांढऱ्या कोटातल्या साहेबांकडे. माणूस पोट धरून दारात आला, तर तो पितो का हे मागाहून विचारा. आधी त्याच्या पोटाला हात लावा. माझ्या काकीला सहीसुद्धा करता येत नाही. तिने लावला होता.