लेथवरचा बुश

मशीन सुरू होऊन तास झाला होता आणि गुणवंताची नजर डाव्या बुशावरून, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्यावरून, हलत नव्हती. उजवा बुश नागपूरच्या कंपनीनं साच्यात ओतलेला होता, डावा त्यानं स्वतः नायलॉनच्या सळईतून लेथवर कापलेला. पांढुर्ण्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये चौदा वर्षं तो एकटाच टर्नर. हंगामाआधी चाळीस मशीनचे बुश बदलायचे होते. साच्याचा माल ठरला तर लेथ बंद, हे मॅनेजर यशवंतरावांनी त्याला तोंडावरच सांगितलं होतं.

दोन्ही बुश एकाच मशीनवर लावून घ्यायची चाचणी खरं तर उद्या होती. पण कंपनीचा माणूस एक दिवस आधीच गाडीतून उतरला. यशवंतरावांनी विचारलं, आजच जमेल का? कापताना नायलॉन तापतं, फुगतं. म्हणून गुणवंता तुकडा रात्रभर थंड होऊ द्यायचा आणि शेवटचा हात सकाळी मारायचा. पण त्या इस्त्रीच्या शर्टवाल्यासमोर एक दिवस मागायची त्याला लाज वाटली.

"जमते नं जी," तो म्हणाला, आणि गरम तुकड्यावरच त्यानं माप पूर्ण केलं.

आता बुश थंड होऊन आवळला होता. दांडा अडकत, घासत फिरत होता. मशीनच्या गोंगाटात तो बारीक आवाज त्याच्याशिवाय कुणाला कळला नसता. बारापर्यंत चालवायचं ठरलं होतं. वीस मिनिटं उरली होती. कंपनीचा माणूस यशवंतरावांना एका दिवसात किती नग निघतात ते समजावत होता.

गुणवंतानं बुशाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. त्याच मशीनवर त्याची बायको यमुना कापूस टाकत बसली होती. तिच्या केसांवर, लुगड्यावर, दांड्यावर, सगळीकडे रुई उडत होती. पेटायला ज्वाळ लागत नाही, नुसती धग पुरते. वीस मिनिटं निघतीलही, असं त्याला वाटलं. असं वाटल्याची त्याला लगेच शरम वाटली.

"मशीन बंद करा साहेब," तो म्हणाला. "माहा बुश तापून राहिला."

मशीनचा पट्टा थांबला. यशवंतरावांनी कारण विचारलं.

"गरम असतानीच कापला जी. चूक माहीच हाय."

कंपनीच्या माणसानं उजव्या बुशाला हात लावून पाहिला, तो गारच होता.

दुपारच्या सुट्टीत यमुनेनं भाकर पुढे केली. ती म्हणाली, "थोडा वेळ थांबले असते."

"तू बसली होती तिथं," तो म्हणाला. दोघंही मग जेवली नाहीत.

महिन्यानं साच्याचे बुश खोक्यांतून आले. तपासायला यशवंतरावांनी गुणवंतालाच बसवलं. नमुन्याच्या लोखंडी दांड्यावर एकेक बुश सरकवून पाहायचा. एक तरी खराब निघावा असं त्याला मनापासून वाटत होतं. तिसऱ्या खोक्यात एक अडकला. त्यानं पुन्हा लावून पाहिला, पुन्हा अडकला. त्यानं यशवंतरावांना हाक मारायला तोंड उघडलं आणि दांड्याकडे पाहिलं. दांड्यावर रुईचा तंतू चिकटला होता. त्यानं तो धोतराच्या सोग्यानं पुसून टाकला. बुश दांड्यावर अलगद सरकला, आणि त्यानं तो चांगल्यांच्या ढिगात ठेवला.