पलीकडच्यांचा पंप

मित्रांनो, माझा आवाज ऐकून कानांवर हात ठेवू नका. मी गाळ उपसणारा डिझेल पंप आहे. वयाने बराच जुना असल्यामुळे सुरू होताना मला जरा खोकला येतो, आणि धूरही निघतो. पण एकदा घसा मोकळा झाला की मी दिवसभर थांबत नाही.

एका ओतशाळेत वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. अंगाला हिरवा रंग लागला, खाली दोन चाकं बसली, आणि एका मिस्त्रींनी मला विकत घेतलं. मिस्त्री नदीच्या पलीकडून आलेल्या लोकांपैकी. घरात त्यांची भाषा वेगळी, माणसं मोजकीच. शहरातले लोक त्यांना सरसकट ‘पलीकडचे’ म्हणत. त्यांना जागा मिळाली तीही कालव्याकाठची, खोलगट, रंगाच्या कारखान्याच्या पाठीमागची.

माझे ते दिवस मजेचे होते. कुठे घराचा पाया खणताना पाणी लागलं, कुठे तळघर तुंबलं, की मिस्त्री मला ढकलत घेऊन जायचे. काम झालं की माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, “हा माझा हत्ती! सोंड लावली की तळं पिऊन टाकतो.” मी लोखंडाचा असलो तरी असं ऐकून फुगायचो.

मिस्त्री गेले. वर्कशॉप त्यांच्या मुलीने, ताईने, चालवायला घेतलं. हात तिचा वडिलांसारखाच, पण काळ बदलला होता. मोठमोठ्या कंपन्या मोठमोठी यंत्रं घेऊन आल्या आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या हँडलवर फडकी वाळू लागली. एका मांजरीने तर माझ्या चाकांमध्ये बाळंतपण उरकलं. पिल्लं गोड होती, तक्रार नाही. पण मित्रांनो, हत्तीचं पाळणाघर होणं काही सोपं नसतं!

तिकडे कारखाना बंद पडला, पण त्याचा रंगीत, विषारी गाळ कालव्यातच राहिला. पावसात कालवा फुगला की ते पाणी आमच्या गल्लीत शिरायचं. पोरांच्या पायांना फोड यायचे. सरकारने सफाईचं काम एका बड्या कंपनीला दिलं होतं. त्यांचं यंत्र पुलाजवळ उभं राहिलं, हात पोहोचला तेवढा गाळ काढला आणि निघून गेलं. आमच्या मागचा अरुंद भाग तसाच.

एके दिवशी सरकारी खात्यातल्या इंजिनिअर बाई वर्कशॉपमध्ये आल्या. म्हणाल्या, “या वेळी आम्ही कालव्याच्या कामाचे तुकडे केलेत. काही तुकडे छोट्या व्यावसायिकांसाठी राखून ठेवलेत, आणि तुमच्यासारख्या मागे राहिलेल्या वस्त्यांतल्या लोकांनी पुढे यावं असं आम्हाला वाटतं.”

ताई हसली. “आमचा पत्ता वाचला की लोक अर्ज खाली सरकवतात, बाई.”

“म्हणूनच तर मी पत्ता शोधत आले,” बाई म्हणाल्या. “फक्त एक अट आहे. गाळ काठावर टाकायचा नाही. बंद टँकरमधून शुद्धीकरणाच्या जागी न्यायचा. टँकर नसेल तर कुणाशी भागीदारी करा.”

ताईचा चेहरा पडला. गल्लीत टँकर एकाच माणसाकडे होता. ते टँकरकाका. त्यांनी गाडी मागे घेताना वर्कशॉपची पाटी तोडली होती, आणि वर “पाटीच मध्ये आली” असं म्हणाले होते. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

ताईच्या आईने काकांना बोलावून घेतलं. काका आले, पण ताईकडे पाठ करून बसले.

“वहिनी, त्यांना सांगा, माझा टँकर तयार आहे.”

“आई, त्यांना सांग, नीट मागे घेणार असतील तरच आणा.”

आई दोघांवर कडाडली, “मी काय टपाल खातं आहे? पाणी घरात येतं तेव्हा तुमचं भांडण विचारून येतं का? समोरासमोर बोला, नाहीतर दोघंही उठा!”

काका मिशी चोळत ताईकडे वळले आणि म्हणाले, “पाटी माझ्यामुळेच तुटली, पोरी.” ताईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. भागीदारी झाली.

मग परीक्षेचा दिवस आला. काम देण्याआधी इंजिनिअर बाई यंत्र चालवून बघणार होत्या. कालव्याकाठी अख्खी वस्ती जमली. ताईने हँडल मारलं. मी गप्प. पुन्हा मारलं. मी फुर्र केलं आणि गप्प. मित्रांनो, लाजेने मला गंजून जावंसं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोलावलं आणि माझा घसाच बसावा?

“डिझेलच्या नळीत हवा धरलीय,” ताई म्हणाली. काकांनी मागचापुढचा विचार न करता नळी तोंडात धरून ओढली. डिझेल थेट घशाशी गेलं! ते थुंकत बाजूला झाले, ताईने पूर्ण अंग टाकून हँडल फिरवलं, आणि मी गरजलो. पहिला काळाकुट्ट धूर काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला. इंजिनिअर बाईसुद्धा पोट धरून हसल्या. काम आम्हाला मिळालं.

वस्तीतल्या बायका-पुरुषांनी हातमोजे, लांब बूट घातले, तोंडाला मास्क लावले. मी गाळ ओढत होतो, काका टँकर भरून नेत होते. पाऊस तोंडावर आला होता. आमचा तुकडा संपत आला, पण वरच्या अंगाचा तुकडा त्याच बड्या कंपनीकडे होता आणि त्यांचं यंत्र तिथे अडकून पडलं. गल्ली इतकी चिंचोळी की ते वळेना. तिथला गाळ राहिला असता तर पहिल्याच पुरात तो आमच्याच दारात आला असता.

कंपनीचा मुकादम आला. “ताई, तुमचा पंप भाड्याने द्याल का?”

“आपल्याला ओळख दाखवत नव्हते, आता बरे आले!” काका पुटपुटले.

ताई म्हणाली, “भाड्याने नाही. आमची माणसं आणि आमचा पंप सोबत येतील, आणि तेवढं काम आमच्या नावावर लागेल. कबूल असेल तर आत्ता निघू.”

मुकादमाने इंजिनिअर बाईंना फोन लावला. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

पाऊस आला तेव्हा कालवा भरून वाहिला, पण आपल्या वाटेने वाहिला. गल्लीत आलं ते नुसतं आभाळाचं पाणी. पोरं त्यात अनवाणी नाचली आणि त्या वर्षी कुणाच्याच आईने त्यांना आत ओढलं नाही.

आता ताईकडे आणखी कालव्यांची कामं आहेत. एक नवा पंपही आला आहे. चकचकीत आहे, पण अजून बोबडा बोलतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा, नळ्या कोरड्या करा, कोपऱ्यात विसरू नका. ओढ्या-नाल्यांत रंग आणि तेल ओतू नका. आणि मोठेपणी तुमच्या हाती कामं वाटायची वेळ आली, तर ती लहान हातांना उचलता येतील एवढी करून वाटा. चला, ताई हँडल धरतेय. जरा मागे सरका, मला खोकायचंय!