सुंकम्माच्या अंगणातलं जेवण

ओबन्ना माझा चुलतसासरा. पेन्ना नदीच्या दोन्ही काठांवरच्या बाजारांत लोक त्याची पद्यं म्हणत, पण आमच्या घरात त्याचं नाव निघालं की माझा नवरा नरसारेड्डी भरल्या ताटावरून उठायचा. रेड्ड्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस गावाबाहेर, अस्पृश्य मानलेल्या मादिगांच्या वस्तीत, चामडं कमावणाऱ्या सुंकम्माच्या ओसरीवर राहायचा.

एका उन्हाळ्यात तो तापानं आडवा पडला. माझ्या सासूनं, तिम्मक्कानं, या आईवेगळ्या दिराला लहानाचा मोठा केलेला. तिला राहवेना. मला घेऊन ती भर दुपारी वस्तीत गेली आणि सुंकम्माच्या कुंपणाबाहेर थांबली.

"ओबन्ना, ऊठ. गाडी आणलीय. घरी चल."

तो ओसरीवर वाळून काटकी झालेला, पण जीभ तशीच. "येतो की वहिनी. ही सुंकम्मा पण येईल. पुढच्या दारानं. आपल्या पंगतीला बसेल."

"तापात बरळू नकोस."

"मग ताप उतरल्यावरही तेच सांगेन." आणि हळूच म्हणाला:

चूल विचारत नाही, लाकूड कुठल्या रानातलं;
पोटाला कळत नाही, घास कुणाच्या हातचा.
मग वाटेत हा उंबरा कुणी घातला?

"पद्य पुरे," सासू म्हणाली. "काय खाल्लंस सकाळपासून?"

उत्तर सुंकम्मानं दिलं. "संगटी केलीय, अम्मा. खात नाही. तुम्ही भरवलं तर खाईल."

सासू कुंपणापाशी बराच वेळ उभी राहिली. मी तिचा पदर ओढला. "आत्याबाई, चला. कुणी बघेल."

"बघू दे," म्हणाली आणि आत गेली. नाचणीच्या संगटीचा गोळा अंबाडीच्या रश्श्यात बुडवून तिनं घास त्याच्या तोंडाशी धरला. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि तिच्याकडे बोट केलं. लहानपणी तो असाच हट्ट करायचा म्हणे. मग तिनं एक घास स्वतः खाल्ला, त्याला एक दिला. असं करत वाडगं संपलं.

"मीठ कमी आहे गं," ती सुंकम्माला म्हणाली.

"तापकऱ्याचं आहे, अम्मा."

आम्ही परतलो तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती. नरसा दारात आडवा उभा. "पुजाऱ्याला बोलावलंय. शुद्ध होऊन आत ये."

"दिराला जेवू घातलं. त्यात काय धुवायचं?"

"मग तुझी चूल वेगळी, अम्मा."

"बरं," म्हणाली आणि गोठ्याच्या पडवीत तिनं तीन दगड मांडले. त्या रात्री मला झोप आली नाही. नरसालाही नाही.

ओबन्ना बरा झाला. काठी टेकत पडवीत जेवायला येऊ लागला, त्याच्या मागून सुंकम्मा. दोघी बायका मिठावरून भांडायच्या. पुढं मीही दुपारी तिथंच बसू लागले. नरसाला ते ठाऊक होतं. पावसाआधी त्यानं पडवीचं छप्पर नवं करून दिलं.

एका संध्याकाळी वैरण टाकताना त्यानं हळूच विचारलं, "आज तिकडं काय शिजलंय?"

मी वाडगं आणून दिलं. सुंकम्माच्या हातचं होतं, आणि चुलीपाशी ती बसलेली त्याला गोठ्यातून दिसलीच असणार. तिथंच, बैलांच्या आडोशाला उभं राहून त्यानं खाल्लं. चावडीवर मात्र तो शेवटपर्यंत चुलत्याच्या विरुद्धच बोलला.