सातशे जास्तीचे शब्द

वहिनीचा शोधनिबंध लाटेक्स या मजकूर मांडण्याच्या संगणकप्रणालीत लिहिलेला होता आणि शब्दमोजणीचा प्रोग्राम मर्यादेपेक्षा सातशे शब्द जास्त दाखवत होता. तीन दिवस खपून तिने ते कापले, तेव्हा कुठे आकडा मर्यादेत बसला. पाठवण्याआधी मी सहज तो प्रोग्राम उघडून पाहिला आणि माझा चेहराच पडला.

"वहिनी, हा मजकुरात लिहिलेल्या लाटेक्सच्या मांडणीच्या आज्ञाही शब्द म्हणून मोजतोय. तुझा निबंध आधीपासूनच मर्यादेत होता."

ती कशीबशी हसली. "म्हणजे सगळी मेहनत पाण्यात!"

"परत घालूया ना."

"अंगात त्राण नाही गं. तसंही बरंचसं पाल्हाळच होतं."

तरी तिने एक वाक्य परत घातलं, प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींचे आभार मानणारं. मग निबंध पाठवला आणि चष्म्यासकट सोफ्यावर आडवी झाली.