इस्तो पेटना

घाटगे मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ऐकणारी माणसं लगेच म्हणतात, बाई दुष्ट होती. कुठली दुष्ट! पोरींना ताप आला तर उशाशी बसायच्या, परीक्षेला लिंबू-सरबत करून द्यायच्या. पण त्यांच्या पोटात एक भीती होती. त्या भीतीची चावी त्यांनी माझ्या कमरेला बांधली होती.

मी भिकुबाई. धरणगावकडे जाणाऱ्या रस्त्याला मुलींचं सरकारी वसतिगृह होतं, तिथं मी चौकीदारीण. नऊ वर्षं रोजंदारीवर, कायम करण्याचा कागद घाटगे मॅडमच्या टेबलावर. मॅडम तिथल्या गृहपाल, कोल्हापूरकडच्या. इथं बदली झाली तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन पोरी न सांगता जत्रेला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. पोरींना काही झालं नव्हतं, जिलबी खाऊन आल्या होत्या. पण त्या एका रात्रीत मॅडमचं वजन उतरलं. पोरींचे बापही ओरडले, "तुमच्या भरवशावर पोर ठेवली बाई." मॅडमनी जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनल गेट बसवलं. वरच्या खिडक्यांना गज होतेच, वर जाळी ठोकली. रात्री आठ ते सकाळी सहा कुलूप, आणि रविवारी दुपारी एक ते चार विश्रांती म्हणून कुलूप. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, कोणाच्या परवानगीनं, सगळं वहीत लिहायचं. चावी माझ्याकडे, पण परवानगी त्यांच्याकडे.

मी म्हटलं, बरं झालं. खोटं कशाला बोलू? माझीही झोप निवांत झाली.

मग डिसेंबरात बिजलीचा बाप आला. बिजली म्हणजे नववीतली पोर, सातपुड्याच्या पायथ्याकडची, पाय एका जागी न ठरणारी. बाप चैत्राम, चोपड्यापर्यंत पायी आणि पुढं एस.टी.नं आलेला, रविवारी, एकला भेटीची वेळ संपून कुलूप लागल्यावर वीस मिनिटांनी. हातात वाळवलेल्या मोहाच्या फुलांची पुरचुंडी. मॅडम बाजारात गेलेल्या. मी चॅनल उघडलं, बाप-लेक ओट्यावर बसली, पोर पुरचुंडी हुंगत राहिली. जाताना चैत्राम गेटाकडे बघून म्हणाला, "आमच्या घराला कडीसुद्धा नाही बाई."

दुसऱ्या दिवशी वहीतली नोंद बघून मॅडमनी मला मेमो दिला. सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा द्या. मी मॅडमचे पाय धरले. हो, धरले. विधवा बाई, गावात दीर-जावांनी घराबाहेर काढलेली, ती दुसरं काय करणार? मॅडम म्हणाल्या, "भिकुबाई, यापुढे मला विचारल्याशिवाय त्या कुलपाला हात लावायचा नाही. घर पडलं तरी." मी म्हटलं, "नाही लावणार." आणि कानाला हात लावला.

ते साल एक्क्याण्णव. मार्चमधला रविवार. त्या आठवड्यात आमच्याकडे चुलीचं रडगाणं चालू होतं. पाण्याची टाकी गळून पऱ्हाट्या भिजल्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या हो, त्याच आमचं सरपण. स्वयंपाकीण मंजुळाबाई रोज मॅडमपुढे जाऊन तेच गाऱ्हाणं गायची, "इस्तो पेटत नही, मॅडम." इस्तो म्हणजे आमच्या अहिराणीत आग, विस्तव. फुंकायला दोन पोरी खाली पाठवा म्हणाली, तर मॅडम भडकल्या. "पोरी इथं शिकायला आल्यात, चूल फुंकायला नाही. वरच राहू देत." त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

त्या रविवारी मॅडम जळगावला मार्चअखेरच्या मीटिंगला गेल्या. मंजुळाबाई दुपारचं आवरून घरी गेली. एक वाजता मी पोरी मोजल्या, एक्केचाळीस. कुलूप दाबलं, वहीत वेळ लिहिली आणि खाली ओट्यावर निंबाच्या सावलीला बसले.

आमच्या भिंतीला लागून कापसाचं जिन होतं, सरकी काढायचा कारखाना. हंगाम सरत आलेला, पण आवारात कापसाच्या गंज्या अजून घरांएवढ्या. दीडच्या सुमाराला मला करपल्याचा वास आला. वाटलं, मंजुळाबाई दूध ठेवून विसरली का काय. स्वयंपाकघरात गेले, चूल थंडगार. बाहेर आले तर भिंतीपलीकडे धूर. पांढरा, जाड. आणि जिनमधली माणसं ओरडत पळताना ऐकू आली.

कापूस पेटतो तेव्हा नुसता जळत नाही, उडतो. जळते पुंजके वाऱ्यावर येतात. त्या दिवशी वारा आमच्याकडे होता. माझ्या डोळ्यांदेखत एक पुंजका वरच्या खिडकीच्या जाळीला चिकटला, दुसरा, तिसरा. आत खिडकीला लागून पोरींच्या गाद्या रचलेल्या. कापसाच्याच गाद्या!

वरून आरडाओरडा सुरू झाला. "मावशी! ओ मावशी!"

मी जिन्याकडे धावले. चॅनलला हात घातला. चावी कमरेला, करदोड्यात. काढली, कुलपाजवळ नेली आणि थांबले.

कशाला थांबलीस गं भिकू? मी मलाच विचारते. किती वर्षं झाली, विचारतेच आहे.

मनात काय आलं ते सांगते. मेमो आला. मॅडमचा चेहरा आला. घर पडलं तरी, हे शब्द आले. पोरी बाहेर सुटल्या, रस्त्यावर पळाल्या, तिथं ट्रकांची रांग, जिनची परकी माणसं, त्यात एखादी गेली तर? एक्केचाळिसांतली चाळीस सापडली तर काय सांगू? आग तर भिंतीपलीकडे आहे, विझेलही. पण पोर हरवली तर माझ्या डोक्यावर. असं सगळं एका श्वासात आलं, बाई. आणि माझे पाय वळले ते ऑफिसकडे, फोनकडे.

माझ्या पाठीमागे वरून पोरी चॅनलवर येऊन थडकल्या. लोखंडाचा तो आवाज! "मावशी, कुठे चाललीस? मावशी!"

"आलेच! विचारून येते!" मी ओरडले. असंच ओरडले. विचारून येते.

फोन फिरवायचा नव्हता तेव्हा, उचलला की एक्स्चेंजवरचा सुपडू बोलायचा. आमच्याच गावाकडचा पोरगा, मला अक्का म्हणायचा. म्हटलं, "सुपडू, जळगावच्या ऑफिसात लाव, मॅडमले बोलाव, लवकर!" त्यानं लावला. तिकडे कोणी शिपाई. म्हणाला, मीटिंग चालू आहे, थांबा. मी थांबले. रिसीव्हर कानाला, डोळे दारातून जिन्याकडे. धूर आता जिन्यावरून खाली उतरायला लागला होता, म्हणजे वर किती असेल! पोरींच्या ओरडण्यात खोकला मिसळला. मी हॅलो हॅलो करत उभी. नुसती उभी! चावी मुठीत होती, दात रुतल्यासारखी तळहातात रुतली होती.

शेवटी मॅडमचा आवाज आला. "बोला भिकुबाई, काय झालं?"

एरवी मी मॅडमशी त्यांच्यासारखं शुद्ध बोलायची. पण जीव घाबरला की साहेबांची मराठी कुठच्या कुठं पळते आणि आईची बोली तेवढी राहते. मी ओरडले, "मॅडम, इस्तो पेटना! इस्तो पेटना वो मॅडम!"

आमच्याकडे पेटना म्हणजे पेटला. आग लागली. मॅडमच्या कानाला ते पेटेना असं गेलं.

"अहो पेटेना तर रॉकेल टाका थोडं," मॅडम वैतागून म्हणाल्या. "एवढ्यासाठी मीटिंगमधून उठवलंत?"

"रॉकेल नही वो! पोरी वर शेतस! कुलूप उघडू का?"

"कुलूप? चूल फुंकायला पोरी खाली आणणार? किती वेळा सांगायचं, भिकुबाई? कुलपाला हात लावायचा नाही. मंजुळाबाईला म्हणावं..."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "बरं मॅडम."

खरंच म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं. नऊ वर्षांची सवय.

तेवढ्यात लाइनीत मधेच तिसरा आवाज घुसला. सुपडू ऐकत होता. एक्स्चेंजवरची माणसं ऐकतात, सगळ्यांना ठाऊक असतं. तो किंचाळलाच, "अक्का! तिले समजनं नही! फोन ठेव, कुलूप उघड! बठ्ठ्या पोरी भायेर काढ! मी बंबले फोन करस!"

मॅडम "कोण बोलतंय, कोण बोलतंय" करत राहिल्या. मी रिसीव्हर टाकला.

आता कुलूप उघडायचं तर चावी भोकात जाईना. दोनदा खाली पडली. गजांच्या पलीकडून पोरींचे हात बाहेर आलेले, माझ्या पदराला, केसांना, बांगड्यांना धरत होते. कोण काय बोलतंय कळत नव्हतं. तिसऱ्यांदा बिजलीचा हात गजातून आला, तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मी चावी फिरवली.

पोरी अंगावरून गेल्या. मी भिंतीला चिकटले. बाहेर निंबाखाली, मग रस्त्यापलीकडच्या शेतात. कुणी पळून गेलं नाही, सांगते. सगळ्या एकमेकींचा हात धरून उभ्या. मी मोजल्या. एकोणचाळीस. परत मोजल्या. एकोणचाळीसच.

जिन्याकडे वळले तर आतून बिजली येत होती. कुलूप उघडल्यावर बाहेर यायचं सोडून ती वर परत गेली होती. पाठीवर पाचवीतली सोनी, पोरींमध्ये सगळ्यांत लहान. मान लोंबत होती, ओठ काळे. बिजलीच्या भुवया जळलेल्या.

बंब आला, सुपडूनंच धाडलेला. मागची खोली आणि गाद्या जळाल्या, बाकीचं वाचलं. सोनीला जळगावला दवाखान्यात नेलं. आठ दिवस ती बोलली नाही, नवव्या दिवशी पाणी मागितलं. पण त्या संध्याकाळी कुणाला ठाऊक होतं ती जगते का नाही?

मॅडम पाच वाजता आल्या. शेतात पोरींना बघून मटकन खाली बसल्या आणि एकेकीला कवटाळून रडल्या. मला म्हणाल्या, "मला चूल वाटली हो. देवाशपथ चूल वाटली." मी म्हटलं, "हो मॅडम." त्यांना काय बोलायचं?

जळगावहून खात्याचे साहेब चौकशीला आले. गावातले लोक म्हणत होते, भिकुबाई वाघीण, मॅडमचं न ऐकता कुलूप तोडलं. तोडलं म्हणे! मी मान खाली घालून ऐकत होते. बिजली शेजारी बसली होती, भुवयांना मलम लावलेलं. लोक जरा बाजूला झाल्यावर तिनं हळूच विचारलं. रागानं नाही, साधंच विचारलं.

"मावशी, चावी तुझ्या कमरेलाच होती ना? मग फोन कशाला केला?"

मी पदर ओढून चावी झाकली.

साहेबांनी वही मागितली. नियमाप्रमाणे नोंद पूर्ण करायची होती. कुलूप काढल्याची वेळ मी लिहिली, अंदाजे दोनला पाच कमी. पुढचा रकाना, परवानगी देणाऱ्याचं नाव. साहेब म्हणाले, "मॅडमनी तर दिली नव्हती. मग लिहा कोणी दिली ते." खरं लिहायचं तर सुपडू, टेलिफोन एक्स्चेंज. बिजली बघत होती. मी तिथं भिकुबाई असं लिहिलं. मेमो आला तर आला. पण लिहिताना मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. त्या दिवशी मी कुणाच्या तरी हुकुमाशिवाय कुलूप उघडलंच नव्हतं. सुपडू ऐकत नसता तर मी "बरं मॅडम" म्हणून फोन नीट जागेवर ठेवला असता, आणि मग? पुढचं मी मनातसुद्धा आणत नाही.

पंधरा दिवसांत खोली रंगवून झाली. चौकशीचा निकाल आला, चॅनल गेट तसंच ठेवावं, मुलींच्या सुरक्षेसाठी. पुढच्या रविवारी एक वाजता मॅडम ऑफिसातून म्हणाल्या, "भिकुबाई, कुलूप लावलंत ना?" त्यांचा आवाज लहान झाला होता. त्यांनाही भीती वाटत होती, दोन्हीकडची.

"लावलं मॅडम," मी म्हटलं.

मी चॅनल ओढलं. कुलूप कडीत अडकवलं. दाबलं नाही. आतल्या पायरीवर बिजली पुस्तक घेऊन बसली होती. तिनं कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान उलटलं.

मी वहीत एक वाजता लिहिलं आणि तिथंच, चॅनलला पाठ टेकून खाली बसले. चार वाजेपर्यंत उठले नाही.