क्लोरीनवरचा आळ

कडककाकांना कापडातलं सगळं कळत होतं, आणि त्यांचा घात झाला तोही त्यामुळेच. ज्याला काही कळत नाही त्याला निदान शंका तरी येते. जाणकाराकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं, आणि कारण एकदा हाताशी आलं की तो पुढे बघायचं सोडून देतो.

काकांची लाँड्री होती. उभा जन्म वाफेत आणि साबणाच्या पाण्यात गेला. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळातले कोट, वकिलांचे शर्ट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. स्वतःच्या शर्टाची कॉलर अशी ताठ असायची, की मान वळवायची तर काकांना अख्खं अंग वळवावं लागायचं. त्यावरून कोणीतरी ‘कडक’ म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. आता दुकान पुतण्या बघत होता. काका रोज एक फेरी मारायचे, काहीतरी खोट काढायचे आणि समाधानाने घरी यायचे.

काकूंना मध्यंतरी पोटाचं मोठं दुखणं झालं. ऑपरेशन झालं, मग ती केस घालवणारी औषधं झाली, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, “आता मोकळ्या आहात. मनात असेल ते करा. फक्त वजनाकडे लक्ष ठेवा. उतरायला लागलं तर वर्षाने होणाऱ्या तपासणीची वाट बघू नका, लगेच या.”

“मी आहे ना लक्ष ठेवायला,” काका म्हणाले. आणि त्यांनी लक्ष ठेवलं, डोळ्यांत तेल घालून ठेवलं. फक्त भलतीकडे ठेवलं.

काकूंच्या मनात पोहणं होतं. हे ऐकून काकांनी कपाळाला हात लावला.

“या वयात?”

“मग कधी? पुढचं वय कोणी बघितलंय?”

दोघं खेळाच्या कपड्यांच्या दुकानात गेली. काकू लाजून एका कोपऱ्यात उभ्या, आणि काका पोहण्याचे पोशाख दोन अंगठ्यांत धरून असे ताणून बघतायत, की विक्रेतीचा जीव खालीवर. शेवटी गडद निळा, बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा, पाठीला चेन असलेला एक पोशाख त्यांच्या परीक्षेत पास झाला. काकूंना तो चापून बसला. “असाच बसायला हवा,” विक्रेती म्हणाली, “पाण्यात थोडा सैलावतो.”

पहिल्या दिवशी काकू तलावावरून आल्या त्या लहान मुलीसारख्या हसत. ओला पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत बोळा करून आणला होता, तो त्यांनी सरळ गरम पाण्याच्या बादलीत टाकला. काकांनी वास घेतला आणि बादलीत हात घालून तो बाहेर काढला.

“अगं, हे ब्लीच आहे.”

“क्लोरीन म्हणतात त्याला.”

“काहीही म्हणू देत. या वासावर मी तुला पोसलंय. चादर पांढरी करतं ते आणि लवचिक धागा खातं. वर गरम पाणी म्हणजे आगीत तेल.”

त्या दिवसापासून पोशाखाचा ताबा काकांकडे गेला. ज्या माणसाने आयुष्यभर कापड उकळलं, पिळलं, खळ लावून तापल्या इस्त्रीखाली दाबलं, त्याने आता यातलं काहीही न करण्याचा वसा घेतला. पाण्यात उतरण्याआधी काकूंनी शॉवरखाली उभं राहून पोशाख साध्या पाण्याने गच्च भिजवायचा. पोट भरलेलं कापड तलावाचं पाणी कमी पितं, हे काकांचं शास्त्र. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा शॉवर, आणि तेव्हा गप्पा मारत बसायचं नाही. पिशवीत कोंडायचा नाही. घरी आला की गार पाण्यात लहान मुलांचा शाम्पू, कधी एखादा चमचा व्हिनेगर, हाताने हलकेच खळबळून दोनदा निथळायचा. पिळायचं तर नावच काढायचं नाही. टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची, तळव्याने दाबायची, आणि मग सावलीत आडवा वाळत घालायचा. दोरीला टांगला तर ओझ्याने खांदे उतरतात.

“माझ्या अंगाला कधी एवढं जपलं नाहीत,” काकू म्हणायच्या.

“तू काय, आपली आपण वाळतेस,” काका म्हणायचे, आणि दोघं हसायची.

काकू पोहायला शिकल्या. आधी कठडा धरून, मग कठडा सोडून, मग आरपार. तलावावरच्या मास्तरीणबाई त्यांचं उदाहरण तरुण मुलींना द्यायच्या. काका बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. स्वतः कधी पाण्यात पाऊल घातलं नाही, पण काकू पलीकडच्या टोकाला पोचल्या की यांचाच श्वास सुटायचा. दुखण्याचं नाव घरातून निघून गेलं होतं. ते दिवस चांगले होते.

मग एक दिवस काकू म्हणाल्या, “अहो, पाठीत पाणी भरतं हल्ली.”

काकांनी पोशाख उजेडात धरून बघितला. शिवण धड होती. कापड ताणलं, सोडलं. ते चटकन जागेवर आलं. इथे त्यांना कळायला हवं होतं. हजारो कपडे हाताळलेल्या बोटांना ते कळलंही असेल, पण डोक्याने ते ऐकून घेतलं नाही. ‘कोरडं आहे म्हणून येतंय जागेवर,’ काका मनाशी म्हणाले, ‘भिजलं की दगा देत असेल. क्लोरीनच ते.’

पुढच्या आठवड्यांत खांदे उतरले, मग मांडीपाशी चुण्या पडू लागल्या. काकांनी शाम्पू बदलला. धुण्यासाठी पाणी गाळून घेतलं. काकूंना शॉवरखाली दुप्पट वेळ उभं केलं. गुण येईना, तेव्हा त्यांचा पारा चढला आणि ते तलावाच्या व्यवस्थापकाच्या खोलीत शिरले.

“पाण्यात किती ओतता हो तुम्ही? माणसं पोहायला येतात, धुवायला नाही.”

व्यवस्थापक सज्जन होता. तो काकांना तलावाच्या काठी घेऊन गेला, त्यांच्यासमोर नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि चढलेला रंग तक्त्याशी लावून दाखवला. जेवढं असायला हवं तेवढंच होतं. काकांनी नळी हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग तक्ताच जुना असेल म्हणाले.

परतताना मास्तरीणबाईंनी त्यांना गाठलं. “काका, काकू दमतात हो हल्ली. अर्ध्यातच कठडा धरून थांबतात.”

“सैल कपड्यात पाणी भरलं की ओझं होतं. दमणारच.”

बाईंना आणखी काही बोलायचं होतं, पण कडक माणसापुढे लोकांची जीभ आखडते, तशी त्यांचीही आखडली. “एकदा दाखवून आणा त्यांना,” एवढंच म्हणाल्या. काकांनी मान हलवली. त्यांना वाटलं, पोशाखच दाखवून आणायचा, दुकानात.

लेक दोन दिवसांसाठी आली. दारातच थबकली. “आई, केवढी उतरलीस.”

“पोहून,” काकूंच्या आधी काकाच म्हणाले. “व्यायाम आहे तो. चरबी गेली सगळी.”

“जेवतेस ना नीट?”

“जेवते की,” काकू म्हणाल्या आणि ताटातला घास या कडेचा त्या कडेला सरकवत राहिल्या. लेकीने वजनकाटा शोधला. तो माळ्यावर टाकलाय, सेल संपलेत, असं काकूंनी सांगितलं. जाताना लेक बापाला बाजूला घेऊन म्हणाली, “बाबा, लक्ष आहे ना तुमचं?” काका दुखावले. लक्ष नाही असं त्यांना कोणी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी हार मानली. त्याच दुकानात जाऊन त्याच बनावटीचा, त्याच मापाचा नवा पोशाख आणला. माप चिठ्ठीवर स्वतः वाचलं, वर विक्रेतीकडूनही वदवून घेतलं. दुपारी काकूंच्या हातात ठेवत म्हणाले, “घालून बघ. आता याला मी पहिल्या दिवसापासून असा जपतो, की क्लोरीनच्या बापाला दाद देणार नाही.”

काकूंनी पोशाख घेतला, पण लगेच उठल्या नाहीत. “उद्या बघू का?”

“उद्या कशाला? आत्ता बघ.”

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने हाक आली, “अहो, जरा चेन लावा.”

खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. काकूंची पाठ काकांकडे होती. पहिला पोशाख आणला तेव्हा ही चेन लावताना काकूंना श्वास आत घ्यावा लागला होता आणि काकांना ओठ चावावा लागला होता. आता चेन खालून वर नुसती सरकत गेली, अंगाला न लागता. निळं कापड पाठीपासून लांब उभं राहिलं. आत मणके दिसत होते, एकेक मोजता येईल असे.

या कापडाला अजून तलावाचा थेंबसुद्धा लागला नव्हता.

काकांनी मानेमागची चिठ्ठी बघितली. माप तेच होतं. ते बाहेर गेले आणि टॉवेलवर वाळत घातलेला जुना पोशाख घेऊन आले. काकूंनी नवा उतरवून गाऊन अंगावर घातला. काकांनी दोन्ही पोशाख पलंगावर एकावर एक ठेवले. खांद्यावर खांदा, कडेला कड. इतके महिने पाण्यात राहिलेलं कापड आणि आजचं कापड, बोटभराचाही फरक नव्हता. त्यांची धुलाई चोख होती. आयुष्यात त्यांनी कुठलंही कापड इतकं चांगलं राखलं नव्हतं.

ते पलंगाच्या कडेवर बसले.

“तुला कळलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“तुम्ही व्यवस्थापकाशी भांडलात त्याच्या आधी.”

“मग बोलली का नाहीस?”

काकू त्यांच्याशेजारी बसल्या. “सकाळी आरशात गळ्याची हाडं दिसायची. मग बाहेर यावं, तर तुम्ही तो टॉवेल दाबत बसलेले आणि म्हणत असायचात, क्लोरीनच आहे. इतक्या खात्रीने म्हणायचात. कापडातलं तुम्हाला कळतं. मला वाटायचं, निघालं यांचंच खरं तर किती बरं होईल. तेवढा वेळ पटायचं मला.” त्या थांबल्या. “आणि त्या सुया नको होत्या. पोहायचं होतं.”

काका रडले. मोठ्याने, तोंड उघडं ठेवून, ज्याला रडायची सवय नाही असा माणूस रडतो तसे. ‘मी आहे ना’ म्हणालो होतो, एवढंच त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होतं. काकूंसाठी एकच गोष्ट वेळेवर करायची होती, आणि ती सोडून ते चमचा चमचा व्हिनेगर मोजत बसले होते. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो हात किती हलका झालाय हेही त्यांना आजच जाणवलं.

मग त्यांनी तोंड धुतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. उद्या दुपारी या, असं सांगितलं तिकडून. आवाजात घाई होती.

“दुपारी ना?” काकू म्हणाल्या. “मग सकाळी मी पोहून येते.”

“अंगात ताकद आहे का?”

“नुसती पडून राहीन पाण्यात. नंतर कोण सोडणार आहे मला तिथे?”

काकांनी उठून सुई-दोरा काढला. काकूंना पुन्हा नवा पोशाख घालायला लावला, उन्हाकडे पाठ करून उभं केलं आणि दोन्ही बाजूंचं सैल कापड चिमटीत धरून टाचण्या लावल्या. चिमटीत फार कापड येत होतं. मग तो उतरवून घेऊन ते खिडकीशी शिवायला बसले, बारीक टाक्यांनी.

काकूंनी वाकून बघितलं. “आत एवढी घडी राहिली तर बोचेल हो. कापून टाका जास्तीचं.”

“नको,” काका मान वर न करता म्हणाले. “राहू दे आत. अंग भरलं की उसवावं लागेल.”

काकूंनी ती घडी बोटाने आत सारली.

“बरं,” त्या म्हणाल्या, “राहू दे.”